रक्त मुंबईचं

१४ फेब्रुवारी २००६

खुब्याच्या ऑपरेशनआधीची साधी तपासणी — आणि माझं रक्त कुणाशीच जुळेना! लायसन्सवर तीस वर्षं ‘ओ पॉझिटिव्ह’ मिरवतोय. रक्तपेढीतल्या बाईंनी ओ गटाच्या सहा पिशव्यांशी ताडून पाहिलं. सगळीकडे गुठळ्या. “काका, तुमचं काहीतरी वेगळंच आहे.”

हे मंदाकिनी लग्नापासून सांगतेय.

१६ फेब्रुवारी

निकाल आला. गटाचं नाव — बॉम्बे! हजारोंत एखाद्याचा असतो. पहिल्यांदा तिथे सापडला म्हणून हे नाव. जन्म कसब्यातला, उभी नोकरी पुण्याच्या पोस्टात, मुंबईला गेलो ते लग्नांपुरता, तेही जेवून लगेच परत. आणि रक्त मुंबईचं! शहराचं नाव बदललं, रक्ताचं बदलायचं कुणाला सुचलं नाही.

मंदाकिनी हसून हसून खाली बसली. “अहो, तरीच सदानकदा घाई असते तुम्हाला!”

१८ फेब्रुवारी

हसू ओसरलं. या गटाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, आणि पुण्यात एकही पिशवी नाही; मुंबईत एखाद-दुसरी असते, ती जिवावर बेतलेल्यांसाठी राखून ठेवतात. आमची लेक चैताली ९ एप्रिलला कंपनीतर्फे वर्षभर अमेरिकेला चालली. ती इथे आहे तोवरच ऑपरेशन व्हायला हवं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, मंदाकिनीची पाठ ही अशी — मला उठवणार, चालवणार कोण? दिवाळीपासून दवाखाना सोडला तर जिना उतरलेलो नाही. खिडकीतला म्हातारा होऊन बसायची भीती वाटते. एकसष्ट हे काय वय झालं!

डॉक्टरांनी तोड काढली: माझंच रक्त आधी काढून ठेवायचं आणि मलाच द्यायचं.

२७ फेब्रुवारी

पहिली पिशवी. नंतर ग्लुकोजची बिस्किटं. दोन जास्त मागून घेतली.

९ मार्च

दुसरी पिशवी. मंगळवार, २१ तारीख पक्की! चैतालीने रजा टाकली. मी बूट पॉलिश केले.

“ऑपरेशन बूट घालून करतात का?” — मंदाकिनी.

१७ मार्च

सकाळी अकराला रक्तपेढीचा फोन. बाविशीची बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही — आणि गट माझाच! मुंबईहून रक्त निघालंय, पोचायला चार तास. तेवढा वेळ नाही. “नाही म्हणालात तरी कुणी दोष देणार नाही, काका.” असं बोलूनच माणसाला अडकवतात.

“दोन्ही द्या,” म्हटलं आणि फोन आपटला. मग रडलो. खरं सांगायचं तर स्वतःसाठीच.

१८ मार्च

बाई वाचली; मुंबईचं रक्तही तिलाच लागलं. मुलगी झालीय.

मंगळवार रद्द. माझ्या अंगातलं रक्त उतरलंय, पुन्हा काढायला महिना तरी थांबा म्हणाले. चैताली म्हणते, “मी नाही जात अमेरिकेला.” तिच्यावर ओरडलो. ती रडली. घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

१९ मार्च

फोन. अनोळखी, खणखणीत आवाज. “काका, म्या महिपती. त्या बाळंतिणीचा भाऊ. काल गावाकडनं आलो, दवाखान्यात माजं बी रगत तपासलं — तुमचंच हाय! डाक्टर म्हनत्यात, माजी येक पिशवी हाताशी आसली तर मंगळवार चुकायचा न्हाई. कवा येऊ?”

रिसीव्हर तसाच ठेवून मी चैतालीला हाक मारली. मंदाकिनीने फोन घेतला.