पक्का जोड

४ मार्च
आजपासून खोटं बोलणं बंद. घरातली पहिली पदवीधर मी. मला ते शोभत नाही. बाबांना स्पष्ट सांगायचं, तुमच्या हातचं माणसाला खाता येत नाही. बाबा वेल्डर होते. त्यांना आच एकच माहीत, पूर्ण. दोन वस्तू एकमेकींना कायमच्या चिकटल्या की काम झालं. आज भात आणि पातेलं. विचारलं, कसा झालाय? म्हटलं, छान.
उद्यापासून नक्की.

५ मार्च
दुपारी ऑफिसात, तक्रार विभागात, बाबांचे किस्से सांगितले. आई गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा अंडी उकडली. पाणी आटलं, अंडी फुटली, एक छताला जाऊन चिकटलं. वरून रंग दिला तरी उंचवटा दिसतो. हेडक्लार्कना हसता हसता ठसका लागला. टायपिस्टबाई म्हणाल्या, अगं, तू जगलीस कशी! यात बाबांचा अपमान नाही. हे निरोगी हसणं आहे.
डबा कचऱ्याच्या बादलीत रिकामा केला. रिकामा डबा बघून बाबांना बरं वाटतं.

११ मार्च
सांगितलं! म्हणजे थेट नाही. म्हटलं, बाबा, तुमची नजर कमी झालीय, आता आराम करा, स्वयंपाक मी बघते. म्हणाले, वर्कशॉपवाल्यांनीही असंच गोड बोलून घरी पाठवलं होतं. मग मुकाट्याने लायटर माझ्या हातात दिला. किती समजूतदार!
धाकटा म्हणाला, ताई, आम्हाला आगीतून फुफाट्यात टाकू नकोस. त्याला काय कळतंय. शिकलेल्या माणसाला पुस्तक बघून काहीही करता येतं.

१२ मार्च
पुस्तकात लिहिलंय, मीठ चवीनुसार. कोणाच्या? तत्त्व म्हणून कमीच घातलं. मग शंका आली, पुन्हा घातलं. बटाटे जरा काळे झाले. कोळसा पोटाला चांगला, असं कुठेतरी वाचलंय. धाकट्याला भूक नव्हती. बाबा सगळं जेवले. म्हणाले, छान.
आता ते स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसतात. आज विचारत होते, आच कमी करू का? त्यांनी विचारावं! म्हटलं, तुम्ही बसा.

१८ मार्च
डबा माझ्या हातचा. मुद्दाम बोलले नाही. आधी चव, मग नाव. टायपिस्टबाईंनी घास घेतला आणि डोळे मिटले. मला भरून आलं. मग त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या, या, या, आज तर हिच्या बाबांनी कहरच केलाय! हेडक्लार्कनी काट्याने बटाटा वाजवून दाखवला. सगळे हसले. मीही.
म्हटलं, हो ना, बाबांना कोण सांगणार!

संध्याकाळी
बाबांनी दारातच डबा उघडून बघितला. म्हणाले, वा, रिकामा! मग म्हणाले, माझाही रोज रिकामाच यायचा.
उद्या ऑफिसात खरं काय ते सांगायचं. ठरलं.

१९ मार्च
सांगितलं नाही. आजही सगळे खूप हसले.
रात्रीचा भात पातेल्यातून निघेना. उलथनं वाकलं. बाबा स्टूलवरून उठले, पातेलं डोळ्यांजवळ धरलं, कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, ओढू नकोस पोरी, जोड पक्का बसलाय. हात कोणाचा आहे!