कापलेले चाळीस सेकंद

४ नोव्हेंबर १९९६, काचीगुडा, हैदराबाद
नांदेडहून येऊन तीन दिवस नाही झाले आणि मेघनाबाई नोकरदार झाल्या! तारनाक्याच्या एका स्टुडिओत जपानी कार्टून मालिका हिंदीत करतात, तिथे मी एडिटिंगला. घरोघरी केबल आलंय, चॅनेलवाल्यांना रोज नवा माल हवा. बाबांनी विचारलं, बी.एस्सी. होऊन कार्टूनं कापणार? म्हटलं, हो, आणि इथल्या डॉक्टरांकडून तुमची फुप्फुसं दुरुस्त करून घेणार. हसले, मग बराच वेळ खोकले. रेल्वेत जन्म काढलेला माणूस, म्हणून खाट खिडकीशीच टाकलीय. दिवसभर गाड्या बघतात.

७ नोव्हेंबर
काम मजेचं आहे. चॅनेलने यादी दिलीय: रक्त नको, दारू नको, उघडी अंघोळ नको. दारूला आम्ही सरबत म्हणतो, त्यामुळे आमचा तलवारबाज सरबत पिऊन झिंगतो! मात्र भाग बावीस मिनिटांचाच लागतो. जेवढं कापू तेवढं भरायचं, म्हणजे शेजारचंच दृश्य पुन्हा पुन्हा लावायचं. साहेब, प्रमोद सर, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मराठी बोलता बोलता दखनीत घसरतात. म्हणाले, पोट्ट्यांना कुछ नै समजता, तेच तेच बिनधास्त फिरव.

१३ नोव्हेंबर
आजच्या भागात एक आजारी आजोबा होते. नात पेला भरून देते, ते पाणी पितात, खिडकीकडे बघतात, हसतात. पुढचे चाळीस सेकंद त्यांचा जीव जातो आणि नात हंबरडा फोडते. मरण काही यादीत नव्हतं. पण कालच बाबांचा एक्स-रे आलाय आणि डॉक्टर माझ्या नजरेला नजर देत नव्हते. मला बघवेना. मी मरण कापलं, नातीचं रडणं कापलं आणि आजोबांना चार वेळा पाणी पाजलं. नातीच्या तोंडी घातलं, आजोबा कुठेच जाणार नाहीत. प्रमोद सरांनी पाठ थोपटली. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर
दुपारी तो भाग लागला. शेजारच्या निर्मलाकाकूही आल्या होत्या. बाबा डोळ्याची पापणी न लववता बघत होते. संपल्यावर मी पेला भरून दिला. पाणी प्यायले, खिडकीकडे पाहिलं, हसले. नंतर एकदाही खोकले नाहीत.

२० नोव्हेंबर
सकाळपासून तेच चाललंय. पाणी, खिडकी, हसू. हाक मारली तरी ओ नाही. गाडी धडधडत गेली, तिच्याकडे लक्षच नाही. मी पेले भरून देतेय. तांब्यातलं पाणी मात्र कमी होत नाही.

२१ नोव्हेंबर
डॉक्टर येऊन गेले. नाडी नाही. छातीत ठोका नाही. ते तपासत असतानाच बाबांनी पेल्यासाठी हात पुढे केला. डॉक्टर बॅग टाकून पळाले. निर्मलाकाकू दाराआडून म्हणाल्या, पोरी, जाऊ दे त्यांना, नक्को अडवू. मी कुठे अडवलंय? —
मीच अडवलंय.

२३ नोव्हेंबर
वास सुटलाय. बोटं काळी पडलीत. तोंड हसतं, पण डोळे — डोळे माझ्यापुढे हात जोडतात. बाबा, मला माफ करा.
स्टुडिओत गेले. म्हटलं, ते चाळीस सेकंद द्या, परत जोडते. प्रमोद सर म्हणाले, मूळ टेप परत गेली, आपल्या टेपवर दुसरा भाग चढवला. म्हणजे ते आता कुठेच —

२४ नोव्हेंबर
टेप नाही तर नाही. मीच पुरं करीन. जवळ बसायचं, जा म्हणायचं, पोटभर रडायचं.
बसले. म्हटलं, बाबा, जा आता. त्यांचे डोळे भरून आले. मी रडायला तोंड उघडलं —
आवाज नाही. हंबरडा फुटतच नाही. तोही मीच कापला होता.
हात आपोआप तांब्याकडे —
नको —
पेला भरला. दिला. प्यायले. खिडकी. हसले.
मध्ये लिहायला एवढाच वेळ —
पेला भरला. दिला. प्यायले. खिडकी. हसले.
कुणीतरी आम्हाला —
पेला भ