गाळी बरंगिल्ल

॥ श्री मैलार मल्लण्णा प्रसन्न ॥

मैलूर, बीदर

तीर्थस्वरूप नागूअक्काच्या पायांवर धाकटा अंबाजी डोकं ठेवतो. (पाय मागे ओढू नकोस. पत्रातूनच ठेवतोय, तेवढं चालवून घे.) मी इकडे खुशाल आहे. तिकडे तुझे गुडघे, तुझी सूनबाई मंजुश्री आणि आपला मोडक्या शिंगाचा एडका खुशाल असतील असं धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण कळवणार कोण? फोन केला की मंजुश्री उचलते आणि म्हणते, "आत्या घरात न्हाईत." मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून हे पत्र. पत्राला घरात नाही असं सांगता येत नाही.

रुसण्याचं कारण मला ठाऊक आहे. औरादच्या बस स्टँडवर तू म्हणालीस, "जल्मभर ऊब विकलास, आता थंडी विकायलास व्हय रे?" आणि पदर सावरून पाठ फिरवलीस. बस हलली तरी वळली नाहीस. तुझंही खरं आहे. तू सूत काढायचीस, मी विणायचो, चिंचोक्याची खळ दोघं मिळून लावायचो आणि बाजारात एकाच पोत्यावर बसून भांडायचो. पण हल्ली माणसं घोंगडीवरून हात फिरवतात, टोचतं म्हणतात आणि पलीकडून वाघाचं चित्र असलेलं गुळगुळीत ब्लँकेट घेऊन जातात. (वाघ टोचत नाही, मेंढी टोचते. कलियुग दुसरं काय!) म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एसी दुरुस्तीच्या वर्गात बसलोय. सगळी पोरं मला मामा म्हणतात, आणि शिकवणारे गुरुपादय्या सर माझ्याहून लहान असल्यामुळे मला रागवायच्या आधी दोनदा घसा खाकरतात.

नळीला सांधा मारणं मला चांगलं जमतं. विणणाऱ्याचा हात आहे, अक्का, थरथरत नाही. गॅस गळतो का ते बघायला सांध्यावर साबणाचा फेस लावतात, बुडबुडा आला की चोर सापडला. अडचण एकच, सर आळंदचे, शिकवतात कन्नडमध्ये. मला कन्नड येतं ते बाजारापुरतं. येतंय, येत नाही, घ्या, नको. घोंगडी विकायला एवढं पुष्कळ होतं.

तर परवा सर मला इथल्याच एका घरी कामाला घेऊन गेले. सर गच्चीवर बाहेरच्या डब्यापाशी, मी खाली खोलीत स्टुलावर चढून मशीनसमोर. खाटेवर एक म्हातारी बसलेली. ती मला म्हणाली, "गाळी बरंगिल्ल." बरंगिल्ल म्हणजे येत नाही, हे मला पक्कं माहीत. पण गाळी म्हणजे तर शिवी, ती येत नाही म्हणजे? मला शिव्या येत नाहीत असं ही बाई म्हणते की काय? तेवढ्यात वरून सर ओरडले, "गाळी बंता?" म्हणजे आली का! मी विचार केला, हे मशीन आपल्या एडक्याच्या जातीचं दिसतंय, गाळ्या खाल्ल्याशिवाय जागचं हलत नसेल. घरमालकीण मागतेय, गुरू मागतोय, मग मी का मागे राहू? मशीनच्या तोंडाशी तोंड नेलं आणि तू रोज सकाळी एडक्याला उठवायला जी शिवी देतेस ना, ती त्याच्या आजा-पणज्यासकट, तुझ्याच चालीत हासडली. (इथे लिहीत नाही. पत्र मंजुश्री वाचून दाखवणार, आणि ती अजून चांगल्या घरची आहे.)

नेमक्या त्याच क्षणी सरांनी वर तार जोडली. मशीनची झडप उघडली आणि गार वारा भस्सकन तोंडावर आला. मी ओरडलो, "बंतु सर! एकाच गाळीत बंतु!"

सर धावत खाली आले तेव्हा कळलं की कन्नडमध्ये गाळी म्हणजे वारा. आता नोकरी सुरू व्हायच्या आधीच गेली म्हणून मी स्टुलावरच हात जोडले. पण म्हातारी हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती. मराठीत म्हणाली, "ही शिवी माज्या माहेरची हाय रे बाबा. उदगीरकडची. माय द्यायची मला. लई वर्सं झाली, कुणी दिली न्हाई." मग तिने चहा केला आणि अजून एकदा दे म्हणून गळ घातली. सरांनी परवानगी दिली. दुसऱ्यांदा मात्र मला नीट देता आली नाही, अक्का. मलाही तू कधीची दिली नाहीस.

सर सांगतात, मशीन थंडी तयार करत नाही. खोलीतली ऊब उचलून बाहेर टाकतं, बस. तेव्हा मला वाटलं, घोंगडं तरी कुठे ऊब तयार करतं? आपलीच ऊब धरून ठेवतं. म्हणजे धंदा मी सोडला नाही गं, नुसता उलटा पांघरलाय.

वर्गातली पोरं आता मला गाळीमामा म्हणतात. आमची झोपायची सोय वर्गातच, मशीनखाली. थंडीने रात्रभर दात वाजतात. बाकी सर्व ठीक.

तुझा,
अंबाजी

ता. क. टकळी माळ्यावर टाकलीस, एवढं मंजुश्री फोनवर बोलून गेली. ती काढ. माझ्यापुरतं एका घोंगड्याचं सूत काढून ठेव, उगादीच्या पाडव्याला येऊन मी विणतो. इथल्या थंडीत दुसरं काही टिकायचं नाही.

आणखी एक. थंडीचं वर लिहिलं ते खोटं. वर्गातलं मशीन आम्हीच खोलून ठेवलंय, पुन्हा जोडता आलेलं नाही. उकाड्याने जीव चाललाय. पण सूत काढच.

शेवटचं. पत्र ऐकून झालं की फोन हातात घे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. नुसती ती एक गाळी दे, आजा-पणज्यासकट. इकडे कधीपासून गाळी बरंगिल्ल.