विहिरीपाशी आलेलं कुंपण

रवि., २२ जून १९५८
कापसाच्या पऱ्हाट्यांचं कुंपण परवाच्या वावटळीत आडवं झालं. उधईनं आतून कधीच खाल्लं होतं, सवयीनं उभं होतं इतकंच. आता आमच्या ओट्यावरून तायडेंचं अंगण सरळ दिसतं आणि त्यांच्या अंगणातून आम्ही. मध्ये विहीर. खरेदीखताप्रमाणे अर्धी त्यांची, अर्धी आमची. दोन बाजूंना पाणी ओढायची दोन चाकं.
तायडे बडनेऱ्याला मालधक्क्यावर कारकून. घरात बायको आणि म्हातारी आई. छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेतलेले, बौद्ध. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास राहायला आले. माणूस मोजकं बोलतो, सायकल मात्र खडखड वाजते.
नवं कुंपण हवं. सागवानी फळ्या की काटेरी तार? मी तारेच्या बाजूचा. वारा खेळतो, आरपार दिसतं.
सौ. : "तेच तर."
 म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

मंगळ., २४ जून
वखारीत गेलो. वखारवाला म्हणतो तारेला गंज चढतो. तारवाला म्हणतो लाकूड उधई खाते. दोघंही एकमेकांविषयी अगदी खरं बोलतात. पाठशाळेत आम्ही ह्याला सुंदोपसुंदन्याय म्हणत असू. दोघेही मेले, कुंपण राहिलं.
बातमी पाठवली : बाजारातली दिवाबत्ती. पेपराचे नागपूरचे संपादक अर्धी कापतील.

गुरु., ३ जुलै
रत्नागिरीहून मेव्हण्यांचं पत्र. कुंपणाबद्दल त्यांना कोणी विचारलं कोण जाणे (सौ.नेच). त्यांचं म्हणणं, समुद्राच्या खाऱ्या हवेत तार दोन पावसाळ्यांत भुगा होते, फळ्यांना बुरशी येते, सबब चिऱ्याचा गडगा घालावा. इथे समुद्र नाही, चिरा नाही, हवा उन्हाळाभर पापडासारखी. पण सल्ला देताना माणूस आपलीच हवा सोबत घेऊन येतो.
सौ.ला वाचून दाखवलं. "त्यांनी उत्तर तरी दिलं," म्हणाली.

रवि., १३ जुलै
दादा अकोल्याहून कोर्टाच्या कामासाठी आले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. लहानपणी रूपावली त्यांनीच पाठ करून घेतली, त्यामुळे अजूनही समोर उभा राहिलो की चुकल्यासारखं वाटतं. ओट्यावरून एकदा पाहिलं आणि म्हणाले, फळ्या. पुरुषभर उंच. विहिरीच्या काठाशी थांबायचं नाही, मधोमध तोंडावरून पलीकडे न्यायच्या.
म्हटलं, विहीर दोघांची आहे.
"म्हणूनच सांगतोय. तुला पेपरात जे लिहायचं ते लिही. घर म्हणजे पेपर नव्हे."
गेल्याच महिन्यात एका गावची विहीर सर्वांना खुली झाल्याची बातमी मी पाठवली होती. त्यांनी वाचली असावी. न वाचता कसे बोलतील.
रात्री जेवताना तार नक्की केली. विचारानं की दादांवरच्या रागानं, हे अजून...

बुध., १६ जुलै
घाईघाईनं खांब रोवून घेतले. सागाचे, बुडाला डांबर फासून. उद्यापासून अधिक श्रावण. अधिकात नवं काम काढू नये म्हणतात. आज मुहूर्त साधला म्हणजे काम 'जुनं' ठरतं. दादांना हा युक्तिवाद आवडला असता, विषय दुसरा असता तर.
खांब दोन्हीकडून विहिरीपर्यंत आलेत. तिथे थांबलेत. खांबांना तार लागते, फळ्याही लागतात. हे एक बरं असतं खांबांचं.

रवि., २७ जुलै
सौ.नं आज स्पष्ट सांगितलं. फळ्या लावा.
मी तासभर बोललो. माणुसकी, काळ, तिच्या माहेरचं सोवळं, सगळं. ती तांदूळ निवडत होती. संपल्यावर म्हणाली, "झालं? आता माझं ऐका. मी पाणी भरत असले की तायडेंच्या आजी दारात येऊन उभ्या राहतात. मी थांबले की त्यांना वाटतं, ह्यांना आपला विटाळ. नाही थांबले तर त्या तिथेच उभ्या. मला बाई घागर हातात धरून काय करावं ते कळत नाही. तुम्हाला काय, तुम्ही ओट्यावर बसून आरपार बघणार."
भाषण परत घेता येत नाही. तांदळातले खडे मात्र निघाले.
तारेचं भेंडोळं अजून पडवीत. अधिक महिन्याचं निमित्त चांगलं आहे. शेजारीपाजारी विचारतात, मी बोट आभाळाकडे दाखवतो.

रवि., १० ऑगस्ट
संध्याकाळी तायडे आले. पहिल्यांदाच. खुर्चीच्या कडेवर बसले. सौ.नं चहा दिला, आमच्याच कपात. तिचा हात क्षणभर फडताळापाशी थांबलेला मी पाहिला. त्यांनी पाहिला की नाही, ठाऊक नाही. प्यायले.
बराच वेळ मालगाड्यांबद्दल बोलले. मग म्हणाले, "काकाजी, एक गोष्ट म्हणतो, राग नका मानू. तार नका लावू. फळ्याच लावा."
मला वाटलं त्यांना आमचं काहीतरी लागलं. म्हणालो, अहो, मी तर मुद्दाम, तुमच्या-आमच्यात आडपडदा नको म्हणून...
"ते समजलं मले. पण माय गावात होती तवा विहिरीपासून लांब उभी राहे. कोणी वरतून ओतलं तं घे. आता अर्धी विहीर तिची हाये, खरेदीखत वाचून दाखवलं मी तिले. तरी काकू पाणी भरून राहिल्या का ते दाराशीच थांबते. मी रागावलो तं म्हणते, थांबली कोठं, वारा घेऊन राहिली." हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "समोर कोणी दिसलंच नाई तं थांबन कशाले? फळ्या विहिरीवरून जाऊ द्या, पार तिकडच्या काठापरेंत."
मी हो म्हणालो की नाही आठवत नाही. बहुधा मान हलवली. माझी मान हल्ली कशालाही हलते.

सोम., ११ ऑगस्ट
दादा म्हणतात फळ्या, विहिरीच्या मधोमध. तायडे म्हणतात फळ्या, विहिरीच्या मधोमध. त्याच फळ्या, तीच उंची, बहुधा तोच सुतार. सौ.ही फळ्याच म्हणते, तिचं कारण ह्या दोघांच्या मध्ये कुठेतरी. तार मागणारा अख्ख्या प्रकरणात मी एकटा, आणि मला विहिरीवर पाणी भरावं लागत नाही.
फळ्या लावल्या तर म्हातारी मोकळेपणानं पाणी भरील. आणि गाव म्हणेल, वार्ताहरानं बौद्ध शेजाऱ्यासमोर विहिरीची फाळणी केली. गावाचं जाऊ दे. दादा म्हणतील, ऐकलंस शेवटी. तेच जास्त...
दोन माणसं उलट कारणांनी एकच गोष्ट मागत असतील तर ती द्यावी की नाही, ह्यावर धर्मशास्त्रात काही सापडेना. शोधलं. तिथे विहिरी बांधण्याचं पुण्य भरपूर आहे.

मंगळ., १९ ऑगस्ट
अधिक संपला. निमित्तही संपलं. वखारीत फळ्या सांगून आलो.
पावसानं काळी माती फुगली, दोन खांब विहिरीकडे कलले. टेकू दिले. तायडेंनी सुट्टीच्या दिवशी येऊन पहार धरली. आम्ही दोघं मिळून खांब सरळ करत होतो, आपल्या दोघांत आड काहीतरी उभं राहावं म्हणून. त्यांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "काकाजी, तुमी फार विचार करता. पहार धरा."

रवि., ३१ ऑगस्ट
दादांना अकोल्यात कळलं (सौ.नं नव्हे, ह्या वेळी मीच लिहिलं होतं, कारणांसकट). त्यांच्या उत्तरात कारणांचा उल्लेखच नाही. 'शहाणा झालास' एवढंच, आणि खाली गौरीगणपतीला येतोस का.
दिवसभर अन्न गोड लागेना. वखारीत निरोप धाडला, फळ्या सध्या राहू द्या. संध्याकाळी सौ. म्हणाली, "म्हणजे दादांनी शाबासकी दिली म्हणून त्या आजींनी दारात उभं राहायचं?"
पुन्हा निरोप धाडला. वखारवाला आता मला पाहिलं की आधी हसतो, मग नमस्कार करतो.

रवि., ७ सप्टेंबर
फळ्या आल्या. अंगणात रचल्या. वास फार सुरेख येतो. पोळ्याआधी लावून देतो म्हणतो सुतार.
तारेचं भेंडोळं कोणी परत घेईना.

बुध., १० सप्टेंबर
सकाळी सुतार आला. बाजूच्या फळ्या ठोकून झाल्या, विहिरीचं तोंड तेवढं उरलं. तायडे ड्यूटीवर. त्यांची आई पलीकडच्या चाकापाशी बादली घेऊन आली. मी ओट्यावरून उतरलो आणि काय सुचलं, त्यांनाच विचारलं. म्हटलं, आजी, मुलगा म्हणतो म्हणून फळ्या लावतो आहे. तुम्हाला बरं पडेल ना?
"आज इचारता भाऊ? सुतारानं खिये बाहेर काढल्यावर?"
 त्याच पुढे बोलल्या.
"मी थांबतो, हे त्यानं पाह्यलं. तुमची बाईबी थांबते, हे नाई पाह्यलं. मी दिसली का ते घागर खाली ठेवते. मंग मी मागं होतो. मंग ते अंदर जाते. मंग मीबी अंदर." सुताराकडे बघून म्हणाल्या, "फळ्या लागल्या तं मले कसं समजन, ते थांबली का गेली?"
म्हटलं, म्हणजे नको तुम्हाला?
"नको कुठं म्हटलं. पोरगं मनापासून सांगून राह्यलं. नाई लावल्या तं त्याले वाटन, माय अजून भेते." बादलीचा दोर हातावर गुंडाळत राहिल्या. "भेतो बी थोडं."
एवढ्यात सौ. घागर घेऊन मागच्या दारानं आली. तिला आमचं बोलणं ऐकू आलं नसावं. आजींना पाहिलं, थांबली. घागर खाली ठेवू लागली, मग ठेवली नाही. हातातच धरून म्हणाली, "भरा ना आजी, आधी तुम्ही."
"तुमी भरा बाई. मले घाई नाई."
"मलाही नाही."
दोन्ही चाकं रिकामी. दोघी आपापल्या काठावर उभ्या, मधल्या पाण्याकडे बघत. सुतार शेवटची फळी खांद्याला टेकवून, तोंडात खिळे धरून माझ्याकडे पाहत होता. बोलता येईना म्हणून त्यानं भुवयांनी विचारलं.
मी म्हटलं, थांब जरा.