मोरीची जाळी

७ जानेवारी २००७, रविवार
आंघोळीला गेलो तर मोरीत घोट्याएवढं पाणी. जाळीत केसांचा गुंता, वर साबणाचा चिकट थर. शी! पोहे घशाखाली उतरेनात. दोन प्लेट कशाबशा ढकलल्या.
ठरवलं. स्वप्नाली चौथीत आहे, वयाला झेपेल असं काम द्यायचं. जाळी तिची. नियम: ज्याची घाण, त्यानेच काढायची. केस मायलेकींचेच, माझ्या डोक्यावर आहेत कुठे?
यशोधरेने विचारलं, मग तुमचं काम काय? म्हटलं, सुपरव्हिजन.

१० जानेवारी
गुटखा सोडला एक तारखेला. विहारात सगळ्यांसमोर शब्द दिलाय. मोडलात तर पोरीला घेऊन बुवापाड्याला माहेरी जाईन, असं यशोधरेने बजावलंय. मोडतोय कोण? घरात पुडीला हात लावत नाही. मोरीत लावतो, तोही कडी घालून, पोट साफ व्हावं म्हणून. औषधच ते. रिकामी पुडी जाळीखाली सरकवली की विषय संपला.

१६ जानेवारी
पोरगी जाळी उचलून आत काडी घालते आणि काय काय उपसते! लांबूनच शाबासकी दिली. पाणी आता सुर्रकन जातं. माझी शिस्त.
तिने विचारलं, आत सापडेल ते माझं ना? म्हटलं, घे बाई, पण माझ्यासमोर आणू नकोस.

२८ जानेवारी, रविवार
विहार कमिटीचे हरिचंद्रकाका आले. रमाई जयंतीला मी मुलांच्या शिस्तीवर बोलायचं. व्यसन सोडलेला माणूस शोभून दिसेल म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.
टेन्शनमुळे औषध जरा वाढलंय. भाषण झालं की पूर्ण बंद.
स्वप्नाली मैत्रिणीकडे बसून विहारातल्या 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धेसाठी काहीतरी बनवतेय. सरप्राइज आहे म्हणे.

८ फेब्रुवारी
काल भाषण रंगलं. म्हटलं, माझी लेक घाणीला घाबरत नाही. टाळ्या!
मग काकांनी तिला स्टेजवर बोलावलं. माझ्या डोक्यावरचं चकचकीत तोरण तिचं. पहिलं बक्षीस. मान वर करून बघितलं. पुड्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, चंदेरी बाजू बाहेर करून ओवलेल्या.
काकांनी माइकवरच विचारलं, बाळा, एवढ्या मिळाल्या कुठे? तिने अभिमानाने सांगितलं, आमच्या मोरीत. रोज नवीन येतात.
घरी येईपर्यंत पोरगी रडत विचारत होती, बक्षीस परत द्यायचं का? तिचं काय चुकलं होतं? लाज वाटली.

११ फेब्रुवारी, रविवार
यशोधरा माहेरी गेली नाही. घाण तुमची, मी का जाऊ, म्हणाली आणि काडी माझ्या हातात दिली.
स्वप्नाली नाक दाबून दारात उभी. सुपरव्हिजन. लांबूनच शाबासकी देत होती.
जाळी उचलली. दोनदा ओकलो. नियमाप्रमाणे तेही मीच काढलं.