सात नग तुमचे, सात नग आमचे

मल्हारगंज, इंदूर
चैत्र वद्य अष्टमी, शके १८८३

तीर्थरूप संताजीदादांच्या चरणी धाकट्या तुकोजीचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा धरल्यामुळे प्रत्यक्षात तो पाच-सहा अंगांचाच आहे, उरलेली अंगं गुडघा सुटला की पाठवीन.) इकडे सर्व क्षेम आहे. तिकडचं क्षेम तुम्ही पाच वर्षांत स्वतःच्या हातानं कळवलेलं नाही, त्या अर्थी तिकडेही ते असावंच. शारदावहिनींची पत्रं इंदिराला येतात, त्यांतून तुमचा दमा, तुमची बढती आणि भोपाळच्या पाण्यानं गळणारे तुमचे केस एवढी माहिती मला मिळते. मी विचारत नाही. इंदिरा मोठ्यानं वाचते आणि मी त्या वेळी योगायोगानं दारापाशी असतो.

पत्रास कारण की, कारण काही नाही. मला तुमच्याकडून काही नको आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही चष्म्यावरून बघायचं कारण नाही. फक्त थोरल्या भावाच्या कानावर घालावं म्हणून लिहितो की, माझे ट्रक संकटात आहेत. इंदिरानं अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर ट्रक चालवून दाखवले नाहीत, तर चैत्रगौरीच्या शेवटच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या सवाष्णींना पन्ह्याच्या पेल्याबरोबर एकेक ट्रक देऊन ती कपाट मोकळं करणार आहे. त्या दिवशी केलेलं दान कधी सरत नाही म्हणे. तिचं पुण्य सरणार नाही, पण माझे ट्रक एका संध्याकाळीत सरतील.

आता हे ट्रक चालत का नाहीत, हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. पण आठवण भोपाळला नेताना वाटेत सांडली असेल तर सांगतो. आबासाहेब सरकारस्वारीच्या लवाजम्याबरोबर विलायतेला गेले, तेव्हा जर्मनीतून तो विजेवर रुळावरून धावणाऱ्या खेळण्यातल्या ट्रकांचा सेट घेऊन आले. आख्ख्या वर्षात तो एकदाच, दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर, दिवाणखान्यात मांडला जायचा. ट्रान्सफॉर्मरचं बटण तुमच्या हातात असायचं, कारण तुम्ही थोरले. वळणावर ट्रक पडला की तो उचलून पुन्हा रुळावर ठेवणं माझ्याकडे, कारण मी धाकटा. सबंध लहानपणात मी ते बटण एकदाही फिरवलेलं नाही. (तक्रार करत नाही. इतिहास सांगतो आहे.) पुढे आबासाहेब गेले, आपण वाटणीला बसलो आणि पंच म्हणून नानासाहेबांना बोलावलं. नानासाहेब जुन्या संस्थानी कोर्टातले न्यायाधीश, निःपक्षपाती इतके की स्वतःच्या घरी लाडूसुद्धा वजन करून वाटायचे. त्यांनी सेटचे चौदा नग मोजले आणि सातसात वाटले. चार ट्रक, क्रेन, पेट्रोल पंप आणि हात वर केलेला पोलीस आमच्याकडे आले. ट्रान्सफॉर्मर, रूळ, वायर, पूल, गोदाम, फाटक आणि रिकामा खोका तुमच्याकडे गेला. न्याय चोख झाला. दोघांनाही खेळता येईना.

नानासाहेबांना तरी दोष कसा द्यावा? त्याच वर्षी वरच्या मोठ्या पंचांनी आपल्या नव्या प्रांताची वाटणी अशीच केली. भोपाळला राजधानी, जबलपूरला हायकोर्ट, ग्वाल्हेरला रेव्हेन्यू बोर्ड, आणि इंदूरला समजूत. तेव्हापासून एका कागदावर सही हवी तर माणूस तिन्ही गावं फिरतो आणि घरी येऊन पाय शेकतो. तुमचं खातं राजधानीबरोबर गेलं, खात्याबरोबर तुम्ही गेलात आणि तुमच्याबरोबर ट्रान्सफॉर्मर गेला. निघताना तुम्ही म्हणालात, 'तुक्या, लागला तर माग.' आणि मी चारचौघांत म्हणालो, 'ट्रक माझे आहेत, वीज सरकारची आहे, मधे तुमचं काय काम?' वाक्य चांगलं होतं. अजूनही चांगलं वाटतं. पण त्या वाक्यानं ट्रक चालत नाहीत.

म्हणून मी दुसरा ट्रान्सफॉर्मर शोधायला लागलो आणि शोधताना संग्राहक झालो. ते कसं होतं ते सांगतो. ज्या घरांत पूर्वी मानकरी होते, त्या घरांच्या माळ्यांवर आता असले सेट धूळ खात पडलेत. तुम्ही ट्रान्सफॉर्मर मागायला जाता. यजमान म्हणतात, तो तर केव्हाच जळाला, पण ट्रक आहेत, न्यायचे तर न्या. रिकाम्या हातानं परतणं बरं दिसत नाही म्हणून ट्रक घेऊन येता. असे माझ्याकडे आजमितीस एकवीस ट्रक झाले, शिवाय तीन पेट्रोल पंप (नळी एकालाही नाही), दोन क्रेन आणि चार पोलीस. पोलिसांपैकी दोघांचे हात मोडलेत, ते कोणालाच अडवत नाहीत आणि म्हणून सगळ्यांत खरे वाटतात. आम्हा संग्राहकांचे काही नियम असतात. रंग उडालेला असेल तर तो मूळचा, आणि कुणी हौसेनं नवा दिला असेल तर तो भ्रष्टाचार. चाक नसेल तर वस्तू दुर्मिळ, दोन नसतील तर अतिदुर्मिळ. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे खेळायचं नाही. खेळतो तो पोर, जपतो तो संग्राहक. पाहुण्यांनी विचारलं, 'हे चालतात का?' की मी किंचित हसून म्हणायचो, 'चालवायचे नसतात.' हे हसू मी चार वर्षं टिकवलं. ते टिकवायला किती कष्ट पडतात, ते इंदिरा जाणून होती, पण बोलत नव्हती.

गेल्या दिवाळीत कळलं की, गौतमपुऱ्याला एका जुन्या जमादाराच्या घरी ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे. मी पाडव्याला सकाळची मोटार धरली. त्या दिवशी तिथे हिंगोटाचं युद्ध असतं, दोन गावांतली माणसं दारू भरलेली पेटती फळं एकमेकांवर फेकतात, हे साऱ्या माळव्याला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं, फक्त ते त्याच दिवशी असतं हे लक्षात नव्हतं. जमादार वारलेले. त्यांच्या विधवा जनाबाईंनी ट्रान्सफॉर्मर दाखवला. तो लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर दडपण म्हणून बसला होता, चार वर्षं, तेलात आणि मिठात. 'भैयाजी, अचार पक जाए, फिर ले जाना,' असं म्हणून त्यांनी मला ओट्यावर बसवलं. अचार पिकायला किती दिवस लागतात, हे त्या सांगेनात. मग माझ्या कोटाची बाही एका हिंगोटानं पेटली, शेजारच्यांनी माझ्यावर घागर ओतली, आणि बाईंना दया येऊन त्यांनी बरणीवर पाटा ठेवला आणि ट्रान्सफॉर्मर दिला. घरी आणून लावला तर चालला काहीच नाही, पण खोलीभर फोडणीचा वास सुटला. इंदिरा स्वयंपाकघरातून विचारती झाली की, आज तुम्ही रांधताय का?

तो दुरुस्त करायला आपल्याच गल्लीतल्या मिस्त्रीला दिला. त्यानं आतली तार नव्यानं गुंडाळायला चार महिने लावले. तुमचे रूळ नव्हते म्हणून शेजारच्या पत्रेवाल्याकडून रॉकेलच्या डब्यांच्या पट्ट्या कापून घेतल्या. ट्रान्सफॉर्मर हातात देताना मिस्त्री म्हणाला, 'भिया, अब ये चलेगा नहीं, दौड़ेगा!' मी हे कौतुक समजलो. ती सूचना होती.

इंदिराला चैत्रगौरीच्या आरासीला खेळणी हवीच होती. मी छाती फुगवून सांगितलं की, यंदा आमचे ट्रक नुसते उभे राहणार नाहीत, तर ओटीचे भिजवलेले हरभरे बायकांच्या पुढ्यात नेऊन पोचवतील. गौर झोपाळ्यावर, पायऱ्यांवर आरास, खाली रुळांचं गोल रिंगण आणि रिंगणाभोवती बायका, असा बेत होता. आता तुम्हाला ठाऊक आहे की, दरबार जाऊन तेरा वर्षं झाली, पण आपल्याकडच्या बायका हळदीकुंकवाला अजून दरबारच्या यादीप्रमाणे बसतात. कोणाच्या आजेसासऱ्यांना पालखी होती आणि कोणाच्या नुसती अब्दागीर, त्यावर कोण कुठे बसणार ते ठरतं. पण रिंगणाला पहिली जागा कुठे असते? अर्धा तास तो वाद चालला. शेवटी भानुमतीबाई (पालखी, शिवाय हत्ती असल्याचा दावा) जिथे बसल्या तेच रिंगणाचं तोंड, असं ठरलं आणि मी दाराआडून बटण फिरवलं.

दादा, आयुष्यात पहिल्यांदा ते बटण माझ्या हातात होतं. हरभऱ्यांनी भरलेला ट्रक जो सुटला, तो भानुमतीबाईंना न ओळखता पुढे गेला, मानपान न पाहता चार फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीला वेग वाढला, आणि पाचव्या फेरीला पत्र्याच्या सांध्यावर उडून त्यानं सगळा माल बाईंच्या जरीच्या शालूवर ओतला. हरभऱ्यांचं पाणी रुळावर सांडलं, ठिणगी उडाली, लोणच्याचा वास आला, आणि घराचा फ्यूज गेला. पंखा थांबला. चैत्राच्या उकाड्यात चाळीस बायका, आणि त्यांतून भानुमतीबाईंचा आवाज आला की, आमच्याकडे हत्ती होता, पण त्यानंसुद्धा असं कधी केलं नाही. मी दाराआडून बाहेर आलोच नाही. त्या रात्री इंदिरानं मला मुदत दिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, 'चालणारी एक वस्तू पुष्कळ झाली असती. तुम्ही एकवीस बंद जमवल्या.'

तर अशी हकीकत आहे. ट्रक गेले तर जातील. संग्राहकानं विरक्त असावं. आबासाहेबांचे चार मात्र जाऊ नयेत असं वाटतं, विशेषतः तो हिरवा, ज्याच्या टपाला तुम्ही एकदा पाय दिला होता आणि पोचा माझ्या नावावर घातला होता. मी तो पोचा अजून सरळ केलेला नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, दम्याला कोमट पाणी. लोभ आहेच, तो वाटणीत कोणाच्या नगांत गेला ते नानासाहेबांनी लिहून ठेवलेलं नाही.

तुमचा धाकटा,
तुकोजी

ता. क. वर मी काहीही मागितलेलं नाही. पुन्हा वाचून खात्री करून घ्यावी.

ता. क. दुसरा. तथापि अक्षय्य तृतीयेला जोडून तुम्हाला रजा मिळत असेल, आणि इंदूरला येणं होत असेल, आणि सामानात कोपरा रिकामा राहत असेल, तर आबासाहेबांचा ट्रान्सफॉर्मर त्या कोपऱ्यात ठेवावा. लोकांदेखत तुम्ही 'सहज आणला' म्हणावं. मी 'कशाला आणलात?' म्हणेन. ते मनावर घेऊ नये.

ता. क. तिसरा (हा रागानं लिहितो आहे). पाकीट चिकटवायला खळ मागायला स्वयंपाकघरात गेलो. इंदिरानं पत्र मागून घेतलं, उभ्यानंच वाचलं, दुसऱ्या ता. क.पाशी थांबून ते पुन्हा वाचलं, हात पुसले, आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला. आबासाहेबांचाच! तुम्ही खिळ्यानं कोरलेला 'सं' त्याच्या बाजूला जसाच्या तसा आहे. संक्रांतीला वहिनी इंदूरला आल्या तेव्हा तिळगुळाच्या डब्यात घालून त्यांनी तो आणला होता. तीन महिने मी त्याच्यावरचा भात जेवतो आहे. मी विचारलं, मग त्या हळदीकुंकवाच्या शुक्रवारी का दिला नाहीस? तर म्हणाली, तुम्ही मागेपर्यंत द्यायचा नाही असं आम्हा दोघींचं ठरलं होतं. भानुमतीबाईंच्या शालूचं काय? तर म्हणाली, ते ठरलेलं नव्हतं, पण वाईट झालं नाही. आणि हेही सांगितलं की, ट्रान्सफॉर्मर इथे ठेवून वहिनी भोपाळला परतल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही तो घरभर शोधत होतात, आणि वहिनींनी विचारल्यावर 'चष्मा शोधतोय' म्हणालात. चष्मा नाकावर होता.

ता. क. शेवटचा. तेव्हा ट्रान्सफॉर्मर आणायची तसदी घेऊ नये. रूळ आणावेत, ते तिळगुळाच्या डब्यात मावले नाहीत. रिकामा खोकाही आणावा, उरलेले तेरा नग त्यात बसतात का ते बघू. मात्र एक अट आहे आणि ती इंदिरानं वाचलेली आहे. बटण या खेपेस मी फिरवणार. पडलेले ट्रक तुम्ही उचलायचे.