चिरका

२३ नोव्हेंबर ८६
संध्याकाळी वाकोल्याला हळद. मास्तर क्लॅरिनेट घेऊन पुढे, त्यांच्या उजव्या हाताला मी, मागे दामू. पहिला सॅक्सोफोन उजवीकडे, दुसरा मागे, हा आमच्या बँडचा जुना रिवाज. मधल्याच एका गाण्यात दामूची रीड, फुंकायच्या टोकावरची बोरूची पातळ पट्टी, चिरली. शहाणा माणूस थांबतो, खिशातली दुसरी तोंडात धरून ओली करतो. हा थांबला नाही. खालचे दात थेट रीडवर रोवले आणि फुंकत राहिला. शिकताना याच गोष्टीसाठी आम्ही दोघांनी मास्तरांच्या थपडा खाल्ल्यात. डुक्कर पकडल्यासारखा आवाज. आणि पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून नाचायला लागली. नवऱ्याच्या मामाने दामूला मिठी मारली.
परतताना टेम्पोत म्हटलं, "काय रे, सॅक्सोफोन वाजवत होतास की चिरका?" सगळे हसले. बरं वाटलं.

३० नोव्हें.
घाटकोपर, वरात. गर्दीतून पोरं ओरडतायत, "मास्तर, तो चिरका लावा ना!" म्हणजे शब्द टेम्पोबाहेर गेला. ड्रमवाल्याचं काम, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज दामूची रीड धड होती. मुद्दाम केलं त्याने.

७ डिसें.
सुपारी द्यायला आलेला माणूस मास्तरांना म्हणाला, "चिरकावाला येणार ना? नायतर दुसरा बँड बघतो."
मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "येणार, येणार."
घरी जेवण गेलं नाही. बायकोला, शालनला म्हटलं, पोटात दुखतंय. खोटं नाही ते.

१६ डिसें.
कामावर रजा टाकली. शालन बाजारात गेल्यावर सॅक्सोफोनच्या कर्ण्यात टॉवेल कोंबला, दात रीडवर ठेवले, फुंकलं. सूर आला. स्वच्छ. पुन्हा. पुन्हा स्वच्छ. ओठ आपोआप मध्ये येतो, दात रीडला लागूच देत नाही. इतकी वर्षं चिरकू नये म्हणून घासली, आता चिरकता येत नाही. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "आज काय गोड वाजवताय हो." वाट लागली.

४ जाने. ८७
गोरेगावला पीटरकडे. तो स्टुडिओत वाजवतो, जगभरचं ऐकतो. त्याच्या भावाने अमेरिकेतून कॅसेट पाठवलीय. ऐकली. अख्खी एक बाजू सॅक्सोफोन किंचाळतोय. दामूच, फक्त महाग रेकॉर्डिंगमधला.
पीटर म्हणाला, "तिकडे याला स्क्रॉंक बोलतात."
"अर्थ काय?"
"अर्थबिर्थ काय नाय रे. वाजतं तसा शब्द."
"हे नाव ठेवलं कोणी?"
"म्युझिकवर लिहिणारे लोक वापरतात. पयला कोण बोलला, कोणाला ठाऊक. शिवीच असणार, मग लोकांना आवडली."
येताना वाटभर एकच डोक्यात. तिकडेही कुणीतरी पहिला सॅक्सोफोनवाला असणार. चांगला वाजवणारा, आणि जळणारा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

११ जाने.
बोरिवली. वाजवायला उभे राहताना मास्तर म्हणाले, "सूर्या, आजपासून जरा मागे हो. लोकांना चिरका बघायचा असतो." जरा, म्हणे. दामूने मान खाली घातली पण पाय उजवीकडे टाकलाच.
मागून मी हळू वाजवत राहिलो. त्यामुळे पहिल्यांदाच त्याला नीट ऐकलं. त्या किंचाळण्यात गाणं होतं. सूर सुटत नव्हता, फाटत होता, आणि बरोबर जागेवर परत येत होता. वाईट वाजवत असता तर सोसलं असतं.

१९ जाने.
दामू घरी. पेढे घेऊन. मुलुंडच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम, स्टेजवर, खुर्च्यांवर बसून. असं आधी कधी झालं नाही. निवेदक विचारतोय, चिरका म्हणजे काय, शब्द आला कुठून.
"तुझं नाव सांगितलं यार मी. तू ठेवलंस ना, प्रेमाने. तो तुला माइकवर बोलावणार आहे."
प्रेमाने. त्याच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा करत नव्हता. टेम्पोत तोही हसला होता, सगळ्यांत जास्त.
शालनने चहा दिला. मी पेढा खाल्ला.

२५ जाने.
आज मुलुंड. शालनने कोटाला इस्त्री केली. विचारते, "काय बोलणार आहात?"
खरं सांगितलं तर हॉलभर लोकांना कळेल मी काय माणूस आहे. दामूलाही कळेल. प्रेमाने ठेवलं म्हटलं तर शब्द माझा होईल, आणि उजवी बाजू कायमची त्याची. गप्प बसलो तर 'स्क्रॉंक' पहिल्यांदा म्हणणाऱ्या तिकडच्या त्या माणसासारखं, माझंही नाव कुणी विचारणार नाही.
अर्थ विचारला तर मला एकच ठाऊक आहे. त्या संध्याकाळी टेम्पोत चिरकलो तो मी.
खाली टेम्पोचा हॉर्न. दामू हाका मारतोय. रीड तोंडात भिजत ठेवलीय, तोवर बोलता येत नाही, तेवढं बरं आहे.